भंडारा-गोंदियाच्या तलावांवर गरी घेऊन जायचंय तर

दरवर्षी थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईचे दोन-चार ओळखीचे लोक फोन करतात. अरे तुमच्याकडे म्हणे तलावच तलाव आहेत, रॉड घेतलाय नवीन, कुठे येऊ सांग. मी प्रत्येकाला तेच तेच सांगतो म्हणून आता एकदाच बसून सगळं टाइप करतोय. समुद्रावरच्या किंवा मोठ्या धरणावरच्या फिशिंगचं हे नाही बरं. हे आमच्या पूर्व विदर्भातल्या, भंडारा-गोंदियाच्या छोट्या छोट्या तलावांचं आहे आणि पहिल्यांदाच येणाऱ्यासाठी आहे. जुन्या खेळाडूंनी हसत हसत वाचावं.

आधी जागा समजून घ्या, नाहीतर नकाशा बघूनच डोकं गरगरतं. सॅटेलाइटवर साकोली, अर्जुनी, सडक अर्जुनी, गोरेगाव, तिरोडा हा भाग उघडा, निळे ठिपके मोजता येत नाहीत. हे नैसर्गिक तळे नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळात इथल्या कोहळी समाजाने दोन टेकड्यांच्या मधे, उतारावरचं पाणी अडेल अशा जागी मातीची पाळ घातली आणि खाली धानाची शेती केली. पुढे इंग्रजांच्या काळात गाव मालगुजाराकडे (सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराकडे) गेलं तसा तलाव पण त्याच्याकडे गेला. 1950 साली मालगुजारी संपवणारा कायदा आला आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून कागदावर नाव माजी मालगुजारी तलाव, आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. कोणाचा मामा विचारू नका, माजीचा 'मा' आणि मालगुजारीचा 'मा' एवढंच आहे ते. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव आहेत. गोंदिया 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला पण तलावांना त्याचं काही पडलेलं नाही, दोन्हीकडे चित्र सारखंच.

हे सगळं सांगायचं कारण असं की इथे बेवारस पाणी नाही. हीच गोष्ट बाहेरचा माणूस विसरतो. तलाव दिसला, माणूस दिसला नाही, टाकली गरी (म्हणजे गळ), असं नाही चालत. मी स्वतः केलंय हे, सातेक वर्षांपूर्वी, मित्राच्या सासुरवाडीच्या बाजूच्या गावात. पहाटे सहाला पाळीवर बसलो, साडेसहाला पहिला रोहू काढला, पावणेसातला चार माणसं सायकलवर आली. शिव्या नाही दिल्या, ओरडले पण नाही. त्यातले एक म्हातारे बाबा फक्त म्हणाले, "बोटुकली आम्ही सोडली, राखण आम्ही करतो, अन् मासोळी तुम्ही नेता का बापा?" (बोटुकली म्हणजे माशांची बोटभर पिल्लं.) मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मासा तिथेच दिला, चहा पण त्यांनीच पाजला वरून.

तर पहिलं काम, रॉड घ्यायच्या पण आधीचं, परवानगी. बहुतेक तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना लीजवर दिलेले असतात. त्या संस्थेतले लोक बहुतेक ढिवर समाजाचे, पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारे. ते पैसे भरून लीज घेतात, पावसाळ्यात मत्स्यबीज आणून सोडतात, रात्री राखण करतात आणि मग हिवाळ्या-उन्हाळ्यात जाळं टाकून काढतात. म्हणजे तलावातला रोहू-कतला हा त्यांच्या शेतातल्या पिकासारखाच आहे. विचारायचं कसं? गावात शिरल्यावर पानठेल्यावर थांबा आणि "इथल्या तलावाची सोसायटी कोणाकडे आहे" एवढंच विचारा. पाच मिनिटांत अध्यक्ष नाहीतर सचिवाच्या दारात पोचता. तिथे गाडीतून खाली उतरून बोला, काच खाली करून नाही. दादा, काका म्हणा. सांगा की जाळं नाही, फक्त गरी आहे, एक दिवस, दोन माणसं, मासे मिळाले तर तुम्ही तोलून पैसे घ्या नाहीतर सोडून देतो. आमच्या अनुभवात कोणी शे-दोनशे रुपये घेतात, कोणी म्हणतं पैसे नको पण मासा किलोच्या भावाने घ्या, आणि कोणी सरळ नाही म्हणतं, विशेषतः नुकतंच बीज सोडलं असेल तर. नाही म्हटलं की नाही. पुढच्या गावात पण तलाव आहेच, दोन किलोमीटरवर.

नवख्या माणसाला माझा सल्ला तर तलावाच्या आधी बोडीचा आहे. बोडी म्हणजे शेतातला छोटा तलाव, बऱ्याचदा एकाच शेतकऱ्याच्या मालकीचा. एका माणसाला विचारलं की झालं. पाणी कमी, अंतर कमी, काठावरून पाच-सात मीटर टाकलं तरी मधे पोचतं. मासे लहान, तिलापिया, शिंगी, मरळ वगैरे, पण पहिल्या दिवशी हात बसायला तेच पाहिजे. मोठ्या तलावावर पहिल्याच दिवशी जाऊन आठ तास कोरडे बसलेले आणि मग रॉड विकून टाकलेले लोक मला माहिती आहेत.

आता जिथे विचारायचंच नाही अशा जागा. नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा अभयारण्य, यांच्या हद्दीतल्या पाण्यात गरी टाकणं म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हौस म्हणून टाकली तरी. नवेगाव 1975 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2013 मधे नवेगाव-नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. नवेगावबांधचा तलाव बघायला जरूर जा, संध्याकाळी तिथलं पाणी बघून माणूस गप्प होतो, पण रॉड गाडीतच ठेवा. आणि जंगलाला लागून बाहेर पण तलाव आहेत तिथे हद्द कुठे संपते हे गुगलवर ठरवू नका, वनरक्षकाला विचारा. इटियाडोहसारखं मोठं धरण, गाढवी नदीवरचं, गोठणगावजवळ, ते पण सुरुवातीला नको. पाणी खोल, काठ तुटके, वारा सुटला की फ्लोट (गरीला बांधलेली तरंगती खूण) दिसत नाही.

कधी यायचं? यावर आमच्यातच दोन गट आहेत त्यामुळे मी माझं सांगतो. पावसाळा, म्हणजे जून शेवट ते ऑगस्ट, अजिबात नको. रोहू, कतला, मृगळ यांचा अंडी द्यायचा काळ तो. पहिल्या मोठ्या पावसात सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं की मासे प्रवाहाच्या उलट चढतात, चढणीचे मासे म्हणतात ते, पोटात अंडी गच्च भरलेली. गावात त्या दिवशी जत्रेसारखं वातावरण असतं, लोक टोपल्या घेऊन पळतात, मलाही लहानपणी मजा वाटायची. पण एक मादी मारली म्हणजे लाखभर अंडी गेली. आता आम्ही नाही जात. शिवाय पाळीवर चिखल इतका की गाडी रुतली तर ट्रॅक्टरचे पैसे माशापेक्षा जास्त.

ऑक्टोबर शेवट ते नोव्हेंबर चांगला. तलाव भरलेला, धान कापणीला आलेला, हवा छान. पण पाणी खूप पसरलेलं असतं म्हणून मासा शोधावा लागतो, आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या दिवशी सोसायटीचा माणूस काय गावातलं कुत्रं पण घरी सापडत नाही. मंडईची तारीख आधी विचारून घ्या. (की त्याच दिवशी मुद्दाम जा, मासे राहू द्या, मंडई बघा.) डिसेंबर-जानेवारी फिरायला भारी पण गोंदियाची थंडी बोचते आणि गार पाण्यात रोहू-कतला सुस्त होतात, सकाळी दहाच्या आधी काही हलत नाही. त्यामुळे निवांत उठायचं, ऊन पडल्यावर बसायचं आणि रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या इकडचं, नाटक असेल तर तिकडे जायचं. रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं, दुसऱ्या दिवशीच्या फिशिंगची आशा सोडा.

माझ्यासाठी सगळ्यात बेस्ट म्हणजे फेब्रुवारीचा मध्य ते मार्च शेवट. पाणी कोमट व्हायला लागतं, मासे खायला लागतात, तलाव थोडा आटलेला असतो त्यामुळे मासा कुठे असेल त्याचा अंदाज येतो. एप्रिल-मे मधे मासा लागतो पण माणूस टिकत नाही, पारा 45 पर्यंत जातो. त्या दिवसांत फक्त पहाटे पाच ते साडेआठ, मग घरी जाऊन झोपा.

पोचायचं कसं. रेल्वेने मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेस, दोन्ही थेट गोंदियाला जातात. नाहीतर नागपूरला उतरा आणि गाडी घ्या. नागपूर-रायपूर हायवेवर भंडारा साठेक किलोमीटर, साकोली शंभरच्या आसपास, पुढे कोहमाऱ्याच्या फाट्यावरून दक्षिणेला वळलं की नवेगावबांध आणि अर्जुनी. इथे एक गंमत लक्षात ठेवा, अर्जुनी दोन आहेत. सडक अर्जुनी वेगळी, हायवेजवळची, आणि अर्जुनी मोरगाव वेगळी, रेल्वे स्टेशनवाली, गोंदिया-बल्लारशा लाईनवर. माझा एक मित्र एका अर्जुनीत हॉटेलवर जेवण सांगून दुसऱ्या अर्जुनीत भुकेला बसला होता. राहायला साकोली किंवा गोंदिया सोयीचं, तलाव जवळ पाहिजे तर नवेगावबांध. स्वतःची किंवा भाड्याची गाडी पाहिजेच, एसटीने गावापर्यंत जाता येतं पण पहाटे पाचला पाळीवर एसटी सोडत नाही.

आता सामान. दुकानदार तुम्हाला दहा हजाराचं बिल करून देईल, नका करू. सात ते नऊ फुटाचा मिडियम रॉड, 3000 साइजची साधी स्पिनिंग रील, 0.30 ते 0.35 मिलिमीटरची नायलॉन लाईन दीडशे मीटर. दोन-अडीच हजारात हे सगळं बसतं. त्याबरोबर वेगवेगळ्या साइजचे हुक (6, 4 आणि 1 नंबर आणा, आकडा वाढला की हुक बारीक होतो, हे उलटं असतं म्हणून सांगितलं), शिशाच्या गोळ्या, दहा-बारा स्विव्हल (लाईनला पीळ पडू नये म्हणून फिरती कडी), चार फ्लोट, लांब नाकाची पक्कड, एक हातजाळी लांब दांड्याची. हातजाळी लोक विसरतात आणि मग दोन किलोचा कतला काठापर्यंत आणून तिथे सोडतात आणि आयुष्यभर तो पाच किलोचा होता म्हणून सांगतात. पाळीवर दगडाचं पिचिंग (अस्तर) असतं, मासा वरून उचलायला गेलं की त्याच्या वजनाने लाईन तुटते, जाळी खालून घालावी लागते.

आणि खरं सांगू, गावातल्या पोराची बांबूची गरी, तिला बोरूचा फ्लोट, ती तुमच्या रॉडच्या बाजूला बसून तुमच्यापेक्षा जास्त मासे काढेल. अपमान वाटून घेऊ नका. त्याला विचारा कुठे टाकतोस, काय लावतोस. सगळ्यात स्वस्त गाइड तोच, बिस्किटच्या पुड्यावर खुश.

कार्बनचा रॉड असेल तर एक धोका. पाळीच्या बाजूने शेतीपंपाच्या विजेच्या तारा गेलेल्या असतात, कधी कधी फार खाली लोंबलेल्या. कार्बनमधून करंट जातो. कास्ट करायच्या (गरी फेकायच्या) आधी वर बघा, प्रत्येक वेळी बघा, आणि तारेखालून जाताना रॉड आडवा धरा.

चारा, म्हणजे आमिष. मासा कोणता पाहिजे त्यावर सगळं अवलंबून आहे. रोहू मधल्या आणि खालच्या थरात चरतो, त्याला कणकेचा गोळा आवडतो. कणीक, भाजलेल्या शेंगदाण्याची पेंड, थोडं सत्तू, हे घट्ट मळायचं, इतकं की पाण्यात पाच मिनिटं टिकेल पण दहा मिनिटं नाही. पाणी एकदम घालू नका, थेंब थेंब. कोणी त्यात व्हॅनिला घालतं, कोणी हिंग, कोणी बडीशेप, प्रत्येकाचं सिक्रेट असतं आणि प्रत्येकाला सारखेच मासे मिळतात. मृगळ तळाशी असतो, त्याला हाच गोळा जमिनीवर टेकवून. कतला वेगळा प्राणी आहे. मोठं डोकं, वर वळलेलं तोंड, तो वरच्या पाण्यातलं बारीक बारीक खातो, चावत नाही तर ओढून घेतो. म्हणून त्याला भुसभुशीत पाहिजे, पाण्यात पडताच धुरासारखं पसरेल असं, ब्रेडचा चुरा आणि सत्तू, आणि फ्लोटपासून हुक दोन-तीन फुटावरच ठेवायचा. शिंगी, मागूर, वाम यांना गांडूळ, संध्याकाळच्या वेळी, तळाला.

मरळ ही तर वेगळीच नशा आहे. कमळाच्या पानांच्या फटीत, गवताच्या काठाला दबा धरून बसते. वरची हवा घ्यायला मधे मधे पृष्ठभागावर येते, 'बुळुक' आवाज होतो, तिथे दोन फूट पुढे रबरी बेडूक टाकायचा आणि पानांवरून सरकत सरकत आणायचा. ती पाणी फोडून येते तेव्हा छातीत धस्स होतं. पण घाईने झटका देऊ नका, एक-दोन सेकंद थांबा, तोंडात नीट जाऊ द्या, मग ओढा. आणि पावसाळ्यात किंवा नंतर लालसर बारीक पिल्लांचा गोळा पाण्यावर वळवळताना दिसला तर त्याखाली आई-बाप राखणीला असतात. ते काहीही अंगावर आलं की तोंड घालतात, त्यामुळे पकडायला फार सोपे, आणि म्हणूनच पकडू नका. ते गेले की बाकीचे मासे दिवसभरात त्या पिल्लांना खाऊन संपवतात.

जागा कशी निवडायची हे पाळीवर उभं राहून कळतं, पुस्तकात नाही. मामा तलाव समजायला सोपा आहे. पाळीच्या बाजूला खोल, समोर जंगल-शेताच्या बाजूला उथळ होत जातो. पाळीत एक जागा असते जिथून शेताला पाणी सोडतात, जुन्या लोकांच्या तोंडी तुडुम, त्याच्या आसपास बऱ्याचदा सगळ्यात खोल पाणी. उन्हाळ्यात मोठा मासा तिथे. (गेटला, फळ्यांना हात लावायचा नाही, खाली कोणाचं तरी धान उभं आहे.) सकाळ-संध्याकाळी मात्र मासा उथळात चरायला येतो, गवताच्या कडेला. बेशरमची झुडपं जिथे पाण्यात शिरली आहेत तिथे मासा नक्की असतो आणि तुमचा हुक पण नक्की अडकतो, त्यामुळे झुडपापासून चार-पाच फूट अलीकडे टाका. बुडबुडे बघा, बारीक फेसासारखे बुडबुडे एका ओळीत सरकत असतील तर खाली मृगळ किंवा रोहू तळ उकरतोय.

खोली मोजायला यंत्र नको. फ्लोटखाली जड शिसं बांधा आणि टाका, फ्लोट बुडाला तर पाणी खोल आहे, फ्लोट वर सरकवा, परत टाका, जेव्हा फ्लोटचं टोक जेमतेम वर राहील तेव्हा तुमची खोली मिळाली. तीन-चार ठिकाणी हे करा, वीस मिनिटं जातात पण त्यातून कळतं खड्डा कुठे आहे. खड्डे आता जास्तच आहेत कारण गेल्या काही वर्षांत बऱ्याच तलावांतून जेसीबीने गाळ काढलाय. माशाला ते आवडतात. माणसाला मात्र ते घातक. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल डोक्यावर पाण्यात. हुक अडकला तर तोडा, दहा रुपयाच्या हुकासाठी पाण्यात उतरू नका. पोहता येतं म्हणणाऱ्यांनी तर अजिबातच नाही, वेलींमधे पाय अडकला की पोहणं कामाला येत नाही.

आणि जिथे शिंगाडा लावलाय तिथे गरी टाकायची नाही, ती कोणाची तरी लागवड असते, वेल तुटले की त्याचं नुकसान.

बसायच्या एक-दोन तास आधी चारा पेरा. भाताचा कोंडा, पेंड, तलावाचीच ओली माती, संत्र्याएवढे चार-पाच गोळे, एकाच ठिकाणी. इथेच टाकत राहायचं, जागा बदलायची नाही. नवखा माणूस दर वीस मिनिटांनी जागा बदलतो, दिवसभरात पाळीचा राउंड पूर्ण होतो आणि मासा शून्य. दोन तास एका जागेला द्या. आणि चारा जास्त टाकू नका, पोट भरलं की मासा तुमचा गोळा कशाला खाईल.

फ्लोट थरथरला की ओढायचं नाही. बारीक मासोळ्या चोच मारतात. फ्लोट आडवा सरकायला लागला किंवा एकदम खाली गेला, तेव्हा मनगटाने झटका, खांद्याने नाही. मग रॉड उभा, लाईन ताठ, ड्रॅग (रीलचा ब्रेक) आधीच एवढा ढिला ठेवलेला की हाताने जोर लावून ओढल्यावर लाईन सुटेल. मोठा मासा पहिल्यांदा पळतो, पळू द्या. बेशरमकडे पळाला तर रॉड आडवा करून दिशा वळवा. तीन वेळा पळतो, चौथ्यांदा कुशीवर येतो. तेव्हा जाळी.

काढताना हात ओले करा. सोडायचा असेल तर गरम दगडावर ठेवू नका, फोटो एक, दोन नाही, आणि पाण्यात धरून ठेवा जोपर्यंत तो स्वतः हातातून निसटत नाही. अर्ध्या किलोच्या खालचे रोहू-कतला परत सोडाच, ते सोसायटीचं पुढच्या वर्षीचं उत्पन्न. पकडून सोडणं गावात लोकांना फार विनोदी वाटतं बरं का. "सोडाचा आहे त पकडता काऊन?" याला माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही.

शिंगी हातात घेऊ नका, पक्कड वापरा. तिच्या छातीच्या दोन काट्यांत विष असतं, टोचला की कोपरापर्यंत ठणका. टोचलीच तर सहन होईल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, आराम पडतो, आणि सूज चढत गेली किंवा दम लागला तर सरळ दवाखाना.

पाळीवरचे बाकीचे शेजारी. पाण्यात पोहताना साप दिसतो तो बहुतेक विरोळा, बिनविषारी, रागीट आहे फक्त. पण पाळीच्या दगडात आणि गवतात नाग, घोणस असतात, त्यामुळे बूट, टॉर्च आणि जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. चावलाच तर बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक काही नाही, हातपाय न हलवता ग्रामीण रुग्णालय गाठा. मार्च-एप्रिलमधे मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे अस्वल मोहाखाली येतं. वाघ-बिबट्याचा वावर पण या पट्ट्यात सगळीकडे आहे. गावकरी जर म्हणाले आज त्या बाजूला जाऊ नका तर का म्हणून विचारू नका, जाऊ नका. सूर्य मावळायच्या आत सामान गाडीत. रात्री शेतातून शॉर्टकट तर कधीच नाही, रानडुकरांसाठी कोणी कुंपणात चोरून करंट सोडलेला असतो आणि त्यात माणसं मेलेली आहेत.

गोंदियाच्या बाजूला धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाला माणसाच्या खांद्याएवढा उंच, राखाडी, लाल डोक्याचा पक्षी जोडीने दिसला तर तो सारस. महाराष्ट्रात फार थोडे उरलेत आणि जे आहेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात. लांबून बघा, घरट्याकडे जाऊ नका, आणि तुटलेली नायलॉन लाईन तर तिथे काय कुठेच टाकू नका. पाय अडकून मेलेला बगळा मी पाहिलाय. तुटलेला तुकडा खिशात घाला, घरी येऊन कापून टाका.

खाण्याचं म्हणाल तर सोबत पाणी दोघांत पाच लिटर, गूळ-शेंगदाणे, चपात्या. दुपारी गावात कोणाकडे सांगून ठेवलं तर चुलीवरचा मासोळीचा रस्सा आणि चिन्नोरचा (इकडचा सुवासिक तांदूळ) भात मिळू शकतो, त्यासाठी सकाळीच पैसे आणि मासा दोन्ही देऊन टाकायचं. तिखट झेपत नसेल तर आधी सांगा. नंतर सांगून उपयोग नाही.

आणि मासा लागलाच नाही तर? होतं. माझी दहातली चार वेळा तरी रिकामी जाते. त्या दिवशी सोसायटीचं जाळं कधी निघणार ते विचारून ठेवा, सकाळी पाळीवरच ताजा मासा तोलून विकतात. थर्माकोलचा डबा आणि बर्फ येतानाच घेऊन ठेवायचा, गावात बर्फ मिळत नाही. मासा आधी पोट साफ करून, कल्ले काढून, पिशवीत गुंडाळून बर्फात, वितळलेलं पाणी मधे मधे काढत राहायचं, नागपूरपर्यंत मस्त जातो. आणि बायकोला विकतचा आहे हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण रोहूच्या तोंडात हुकचं भोक नसतं आणि अंगावर जाळ्याच्या खुणा असतात, आमच्या घरी हे दुसऱ्याच वेळी लक्षात आलं होतं.